हलकं नाक, जड पंख

आमच्या घरी जेवायला बसायचं म्हणजे आधी पंख उचलून भिंतीला लावावा लागे. डावा पंख पुढच्या खोलीत दोन लाकडी घोड्यांवर आडवा पसरलेला असे, उजवा मधल्या खोलीच्या छताला दोरीने टांगलेला, आणि मागच्या अंगणात टिनाच्या शेडखाली विमानाचं बाकीचं धड. आई शाळेतून यायची, पिशवी खुंटीला अडकवायची, हातपाय धुवायची आणि काही न बोलता पंखाचं एक टोक धरून उभी राहायची. दुसरं टोक मी धरायची. पंख भिंतीला लागला की त्या मोकळ्या झालेल्या जागेत आम्ही तिघं बसायचो. भाकरी, झुणका, वांग्याची भाजी, वरून कच्चं तेल आणि कांदा. जेवणं झाली की पंख परत घोड्यांवर. सहा वर्षं हे चाललं. पाहुणे येणं हळूहळू बंद झालं, कारण आलेल्या माणसाला बसवायचं कुठे हा प्रश्न असायचा, आणि बसवलं तरी बाबा त्याला काहीतरी धरायला द्यायचे.

माझे बाबा नामदेवराव नागपूरच्या फ्लाइंग क्लबात मेकॅनिक होते. काटोलकडच्या शेतकरी घरातला माणूस, दहावीपर्यंत शिकलेला, पण इंजिनाचा आवाज ऐकून कुठला प्लग खराब झालाय ते सांगायचा. क्लबातल्या जुन्या साहेबांनी त्यांना उडवायलाही शिकवलं होतं आणि लायसन्स मिळवून दिलं होतं. पुढे क्लबातल्या माणसाची मुलगी म्हणून मलाही तिथे शिकायला मिळालं. मला लायसन्स मिळालं त्याच पावसाळ्यात बाबांचं गेलं. साखर वाढलेली, डाव्या डोळ्याने धूसर दिसायला लागलेलं. डॉक्टरांनी कागदावर एक ओळ लिहिली आणि संपलं. बाबा घरी आले आणि दोन दिवस पलंगावर पडून राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी पलंगाखालची पेटी ओढली आणि परदेशातून टपालाने मागवून ठेवलेले नकाशे जमिनीवर पसरले. एका माणसाचं लहानसं विमान, घरी बांधता येणारं. बसायला जागा एकच. ज्यात त्यांना कधी बसून उडता येणार नव्हतं ते विमान ते का बांधताहेत, हे मी तेव्हा विचारलं नाही. आईनेही नाही. विचारलं असतं तर कदाचित ते थांबले असते, आणि थांबलेले बाबा आम्हा दोघींनाही बघवले नसते.

त्या वर्षांची आठवण काढायची म्हटलं तर मला आधी थकवाच आठवतो. सकाळी कॉलेज, दुपारी बाबांच्या हाताखाली. बाबांचा सगळ्यात आवडता शब्द होता "धर". पट्टी धर, टॉर्च धर, हे टोक धर, हलू नको. उन्हाळ्यात कूलरचा पंप टपटपत असायचा, वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास यायचा, आणि त्या वासावर चढून बसलेला पंखाला लावायच्या लेपाचा वास, नेलपॉलिशसारखा, डोकं धरणारा. पंखावर चढवायचं कापड आम्ही गांधीबागेतून आणलं. दुकानदाराने ठाण उलगडता उलगडता विचारलं, "गाद्यांच्या खोळी का?" बाबा म्हणाले, "हो, खोळीच समजा." मग लांब सुई घेऊन पंखाच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला आई अशा आम्ही बसलो. मी सुई आरपार घालायची, आईने ओढून गाठ मारून परत पाठवायची. शाळेत दिवसभर उभं राहून आईचे पाय सुजायचे. तरी ती बसायची. कापडापलीकडून तिचा चेहरा दिसायचा नाही, फक्त सुईचं टोक यायचं. ते यायला उशीर झाला की मी समजायची, तिचा डोळा लागला.

माझ्या उजव्या खांद्याला अजून व्यायाम सांगितलेत. सदरला एक तरुण फिजिओथेरपिस्ट मुलगी आहे, ती हातात काठी देते आणि म्हणते, "काकू, हळूहळू डावीकडे न्या, आता उजवीकडे." मी नेते. तिला वाटतं वयामुळे खांदा आखडलाय. मी सांगायला जात नाही.

विमान तयार झालं, परवानगीचे कागद आले, आणि एका ओळखीच्या बागायतदाराच्या शेतालगत मुरमाची पट्टी होती तिथे आम्ही ते जोडलं. पहिलं उड्डाण ठोसर सरांनी करायचं ठरलं होतं. ठोसर सर क्लबातले निवृत्त शिक्षक, मला त्यांनीच शिकवलेलं. सडपातळ, पांढऱ्या मिशा, बोलणं मोजकं. डिसेंबरची सकाळ होती. वारा नव्हता. विमान उठलं तेव्हा बाबा गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बघत होते, जणू खालून उचलताहेत. पण उठल्याबरोबर त्याचं नाक वर गेलं, खाली आलं, परत वर गेलं. मग सावरलं. सरांनी एक मोठा, फार मोठा वळसा घेतला आणि उतरवलं. उतरल्यावर ते बराच वेळ आतच बसून राहिले.

"सर, काय झालं?" बाबांनी विचारलं.

सरांनी उजवा हात झटकला. "नामदेवराव, इंजिन उत्तम. बांधणी उत्तम. पण हे विमान दोन माणसांनी बनवल्यासारखं आहे, आणि त्या दोघांचं आपसांत बोलणं नाही." मग त्यांनी शांतपणे समजावलं. विमानात हातात एक दांडा असतो. तो पुढे-मागे केला की नाक खाली-वर होतं. डावी-उजवीकडे केला की पंख त्या बाजूला कलतो. दोन्ही कामं एकच हात करतो, म्हणून दोन्हींचं वजन हाताला जुळणारं लागायला हवं. कलवणं जरा हलकं, नाक त्याहून थोडं जड. आमच्या विमानात नेमकं उलटं होतं. "पुढे-मागे करंगळीने ढकललं तरी नाक उडी मारतं. आणि वळायचं म्हटलं तर दोन्ही हात लागतात. वळण्यासाठी जोर लावताना दांडा केसभर मागे आला की नाक वर. हे जुळेपर्यंत मी परत बसणार नाही. आणि ही पोरगीही नाही."

बाबांनी मान हलवली. पण घरी येताना टेम्पोत ते म्हणाले, "सरांचं वय झालं आता. हात कापते त्यांचा."

आठवडाभर ते वहीत आकडे लिहीत राहिले. मग एका रविवारी त्यांनी दांडा जोड देऊन चार इंच लांब केला. लांब दांड्याला जोर कमी लागतो, म्हणजे वळवणं हलकं होणार, हा त्यांचा हिशेब. मी पोह्यांची ताटली घेऊन शेडमध्ये गेले तर ते नव्या दांड्याला कापडी पट्टी गुंडाळत होते.

"बाबा, पण त्यानं तर दोन्ही हलकं होईल न," मी म्हटलं. "नाक अगोदरच हलकं हाय. ते अजून हलकं होऊन जाईल."

"हात जास्त दूर सरकवा लागते न आता. मंग उडी काहून मारंल? मी काढलं सारं गणित."

"तुम्ही कागदावर पाहून राहिले. सर म्हणाले—"

"सर, सर! मी बांधलं का सरांनी?" पट्टी त्यांच्या हातातून सुटली आणि गुंडाळी उलगडत जमिनीवर गेली. ती उचलताना ते वाकले तेव्हा मला त्यांच्या डोक्याचा टक्कल पडलेला भाग दिसला, आणि मी गप्प बसले. आज लिहिताना मला स्वतःचा राग येतो तो याच क्षणासाठी. मला कळत होतं. पण सहा वर्षांनंतर मी इतकी कंटाळलेली होते, की वाद घालण्यापेक्षा उडून मोकळं व्हावं असं वाटलं. एकदा उडू दे, त्यांचं समाधान होऊ दे, आणि मला झोपू दे. ठोसर सरांना आम्ही दोघांनीही कळवलं नाही.

मी उडाले त्या सकाळी थोडा वारा होता. धावपट्टीवर विमान नीट धावलं, उचललं गेलं, आणि झाडांच्या उंचीवर आल्यावर वाऱ्याचा एक झोत डाव्या पंखाखाली शिरला. मी पंख सरळ करायला दांडा डावीकडे दाबला. तो खरंच पूर्वीपेक्षा सोपा गेला. पण त्यासरशी तो नखभर मागेही आला असणार, कारण एकाएकी समोर फक्त आभाळ दिसायला लागलं. मी पुढे ढकललं. समोर शेत आलं, तुरीचं शेत, इतकं जवळ की शेंगा दिसल्या. मी ओढलं. परत आभाळ. प्रत्येक वेळी माझा हात विमानाच्या एक पाऊल मागे होता. मी दुरुस्त करत होते ते आधीच होऊन गेलेलं असायचं, आणि माझी दुरुस्ती पुढची चूक बनत होती. तिसऱ्यांदा शेत समोर आलं तेव्हा मला सरांनी क्लबात शिकवलेलं, अशा वेळी दांडा स्थिर धरावा, ते आठवलं असं म्हणायला छान वाटलं असतं. तसं काही नाही. मी थकले. हात मांडीवर टेकवला, कोपर पोटाशी घट्ट धरलं आणि काही करायचंच नाही असं ठरवलं. विमान एकदा खाली झुकलं, एकदा वर, मग आपलं आपणच सरळ चालायला लागलं.

उतरणं मात्र जमलं नाही. नाकाला हात लावायची भीती बसली होती. खूप वेगात खाली आले, चाकं आपटली, उजव्या चाकाचा पाय दुमडला आणि विमान पट्टीवरून गोल फिरत बाजूच्या बांधाला जाऊन टेकलं. नाकावरच्या लाकडी पंख्याचे तुकडे उडाले. मी बाहेर आले. कुठे काही लागलं नव्हतं, फक्त ओठ दातांखाली येऊन फुटला होता. बाबा धावत आले. डोळ्याने नीट दिसत नसल्यामुळे ते दोनदा ठेचकाळले. माझ्याजवळ येऊन त्यांनी माझे दोन्ही हात मनगटापासून खांद्यापर्यंत चाचपले, लाकडात चीर आहे का बघायला चाचपायचे तसे.

"मी आता नाही बसणार यात," मी म्हटलं.

त्यानंतर पंधरा दिवस आमच्या घरात भांड्यांचाच काय तो आवाज. पुढच्या खोलीत आता पंख नव्हता, खोली मोठी झाली होती, आणि आम्ही तिघं तिच्या तीन कोपऱ्यांत जेवत होतो. आई एरवी या विषयात पडत नसे. एका दुपारी तिने कोथिंबिरीच्या सांबारवड्या केल्या, बाबांच्या पुढे ताट ठेवलं, आणि तिथेच खाली बसली.

"मी सहा वर्सं काही बोलली का?" ती म्हणाली.

बाबांनी मान हलवली.

"आता बोलतो म्हणते. तुमाले उडता येत नाही म्हणून तुमी पोरीचा हात वापरून राहिले. वापरा. पण हात तिचा हाय, तर त्या हाताले इचारा तरी, तुले काय लागते म्हणून. वहीले काय इचारता?" मग माझ्याकडे वळून, "आन् तू काहून गप होती वं? तोंड नव्हतं तुले?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. तो नुसता दमलेला होता. सांबारवड्या निवून गेल्या. बाबांनी हात धुतला आणि शेडमध्ये गेले. मला वाटलं रागावले. तासाभराने त्यांनी हाक मारली, "शाले, जरा ये न इकडे." तोपर्यंत त्यांनी मला कधी "ये न" म्हटलं नव्हतं. "ये" म्हणायचे.

विमानाचं मोडकं धड शेडमध्ये आणून ठेवलं होतं. बाबांनी दांडा पुन्हा आखूड केला होता आणि त्याला एक ताणकाटा बांधला होता, इतवारीत रद्दी तोलायला वापरतात तसला हुकाचा काटा. त्याचं दुसरं टोक खांबाला.

"बस. डोळे मीट. त्या दिवशी नाक उचलाले जेवढं लागलं तेवढं ओढ."

मी ओढलं. काट्याची स्प्रिंग जरा हलली असेल नसेल. बाबांनी वाकून, काट्याला नाक लावून आकडा वाचला, मग पुन्हा वाचला. "बस? एवढंच?"

"एवढंच."

"बापा," ते म्हणाले. मग, "आता सांग, किती असाले पाहिजे?"

मी पुन्हा डोळे मिटले. क्लबातल्या विमानाचा दांडा आठवला, सकाळची हवा आठवली, आणि हाताला जे बरं वाटेल तितकं ओढलं. त्यांनी तो आकडा लिहिला. मग काटा बाजूला बांधून डावं-उजवं. आधी होतं तेवढं, मग हवं तेवढं. चार आकडे. त्या वहीतली आधीची साठ पानं त्यांनी त्या दिवसानंतर उघडली नाहीत. चौथ्यांदा ओढताना माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. खांदा दुखत होता म्हणून, असं मी सांगितलं.

नंतरचं काम हळू झालं. पाय बदलला, नवा पंखा आला. शेपटीवरचा हलता भाग ज्या छोट्या लोखंडी हाताला जोडलेला असतो, तो हात बाबांनी लांब केला. म्हणजे दांडा तेवढाच हलला तरी शेपटी कमी हलणार, आणि हाताला जोर जास्त लागावा म्हणून दांड्याला पुढे-मागे ताण देणारी एक स्प्रिंग जोडली. पंखातल्या तारा ज्या चाकांवरून फिरत होत्या त्यांतलं एक चाक घासत होतं. ते आम्हाला सहा वर्षांत दिसलं नव्हतं. ते काढून बेअरिंगचं बसवलं. पंख आणि त्याचा हलता भाग यांच्यामधली फट कापडाच्या पट्टीने बंद केली, म्हणजे तिथून हवा निसटून वाया जाणार नाही आणि थोडं हलवलं तरी पंख ऐकेल. बाबा ठोसर सरांकडे स्वतः गेले. काय बोलले ते मला ठाऊक नाही, पण सर आले आणि त्यांनी एकच अट घातली, एका वेळी एकच बदल. प्रत्येक बदलानंतर आधी ते उडायचे, मग मी, आणि उतरल्यावर मी सांगायची, बाबांनी लिहायचं. "नाक अजून थोडं उतावीळ हाय." "डावीकडे ठीक, उजवीकडे चिकटते." असले शब्द. बाबा ते जसेच्या तसे लिहायचे आणि घरी जाऊन त्यांचे मिलिमीटर करायचे. कित्येक सकाळी गेल्या. आम्हाला घाई उरली नव्हती. खरं सांगायचं तर आमच्यात घाई करण्याचं बळच उरलं नव्हतं, आणि मला वाटतं त्यामुळेच ते जमलं.

पुढे ते विमान तीन वर्षं आमच्याकडे होतं. मग बंगलोरकडचा एक गृहस्थ घेऊन गेला. मी बँकेत लागले, लग्न झालं, लायसन्स नव्याने करून घ्यायचं राहून गेलं. बाबा गेले त्यालाही आता खूप वर्षं झाली. लोक ऐकतात तेव्हा विचारतात, वरून नागपूर कसं दिसायचं? मला आठवत नाही. मी सगळा वेळ हाताकडे लक्ष देऊन होते.

पण एक सकाळ आठवते. मार्च लागला होता. त्या दिवशी मी उतरले आणि मला सांगायला काही सापडेना. दांडा कुठे आहे हे मी वर विसरून गेले होते. वळावंसं वाटलं की विमान वळत होतं, एवढंच. आई त्या दिवशी प्रथमच पट्टीवर आली होती, डबा घेऊन. बाबा वही उघडून उभे होते.

"कसं?"

"चांगलं."

"चांगलं म्हणजे कसं?"

मी दोन-तीन वाक्यं जुळवली. त्यांनी ती लिहिली, पण पेन कागदावर तसंच टेकलेलं राहिलं. ते माझ्याकडे बघत होते, आणखी काहीतरी येईल म्हणून. ठोसर सर माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "त्यांना बसव."

इंजिन बंद होतं, चाकांखाली विटा होत्या. बाबा कुरकुरत आत चढले. मी आईला शेपटीपाशी नेलं, मागच्या हलत्या भागावर तिचे तळवे ठेवले आणि बाबा दांडा ओढतील तेव्हा कितपत विरोध करायचा ते तिच्या मनगटावर दाबून दाखवलं. "एवढं. याहून जास्त नाही, कमी नाही." मी स्वतः उजव्या पंखाच्या टोकाशी गेले आणि तिथला हलता भाग धरला. हवा जेवढी ढकलते तेवढं ढकलायचं. ते माझ्या हाताला आता पाठ झालं होतं.

"बाबा, डोळे मिटा. तुम्ही वर हाय."

आधी काही झालं नाही. मग माझ्या तळव्याखाली तो भाग हळूच वर सरकला. ते उजवीकडे वळत होते. मी दाब धरला. तो जागेवर आला. मग शेपटीकडे आईचे हात किंचित उचलले गेले आणि खाली आले. पुन्हा माझ्याकडे. त्यांचे ओठ हलत होते, काय म्हणत होते ते ऐकू येत नव्हतं, पण ते काटोल रोडवरून गोरेवाड्याच्या तलावाकडे निघालेत हे मला दिशेवरून कळलं. एक धक्का नाही, एक घाई नाही. ठोसर सर टोपी काढून उभे होते. ऊन वर चढायला लागलं. आईने भार एका पायावरून दुसऱ्यावर घेतला. सकाळची शाळा बुडवून आली होती ती.

तिने माझ्याकडे बघून मानेनेच विचारलं, उतरले का?

मी मान हलवली. अजून नाही.

तिने एका हाताने पदर कमरेला नीट खोचला आणि तळवा परत टेकवला.